जुन्या मापावर काम होणार नाही

रस्त्यात कुणी ओळख दाखवली की मावशी आधी गोंधळायची. नाव आठवायचं नाही, चेहरा तर त्याहून नाही. मग समोरचा माणूस हसला, की तिला एकदम सगळं लख्ख आठवायचं. “अरे, तुम्ही होय! वरचा डावा सुळा जरा पुढे आणि खालच्या दोन दाढा झिजलेल्या!” माणूस ओशाळून तोंड मिटून घ्यायचा. मावशी मात्र ओळख पटल्याच्या आनंदात पिशवी सावरत पुढे निघायची.

तिचा तरी काय दोष? बावीस वर्षं माणसं तिच्याकडे आली ती दातांपुरतीच. दातांच्या दवाखान्यामागे एक लांबोडकी खोली होती. एका बाजूला ओटा, ओट्यावर प्लास्टर कालवायची रबरी भांडी, साचे घासायचं चाक आणि प्लास्टिकचा जाड तुकडा तापवून साच्यावर ओढून बसवणारं एक यंत्र. उरलेल्या भिंतींवर फळ्याच फळ्या. फळ्यांवर पांढरे-पिवळट जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीने नाव आणि तारीख. नवा माणूस खोलीत शिरला की दचकायचा. मावशी म्हणायची, “घाबरू नका, यातलं कुणी चावत नाही.”

मावशी हे नाव तिला दोनदा मिळालं. पहिल्यांदा मिळालं ते झाडू हातात असताना. एकोणतिसाव्या वर्षी ती या खोलीतलं प्लास्टर झाडायला आली, आणि झाडणाऱ्या बाईला जशी सगळे हाक मारतात तशी मारू लागले. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले डॉक्टरसुद्धा. ती झाडायची, भांडी विसळायची आणि बघायची. बघता बघता हात शिवशिवायला लागले. एकदा साचे करणारा माणूस तापाने घरी राहिला. कामं तुंबली होती. मावशीने कुणाला न विचारता सात साचे ओतले, वाळवले, ओट्यावर मांडले आणि झाडू घेऊन साळसूदपणे कोपऱ्यात उभी राहिली. डॉक्टरांनी एकेक साचा उजेडात फिरवून पाहिला. एकातही बुडबुडा नव्हता. “हे कुणी केले?” त्यांनी विचारलं. तापकरी माणूस तर अंथरुणात होता. मग सगळ्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं.

त्यानंतरही ती मावशीच राहिली, आणि हे नाव तिला दुसऱ्यांदा मिळालं ते असं. पण आता तिला हाक मारण्याआधी लोक दारावर टकटक करायचे.

हाताला यश आलं की थोडी मिजास येतेच, तशी तिलाही आली. ओट्यावरच्या भिंतीवर तिने स्वतःच्या ठसठशीत अक्षरात एक पाटी लिहून चिकटवली: जुन्या मापावर काम होणार नाही. दात जागचे हलत नाहीत असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते सरकतात, झिजतात, एखादा गेला की शेजारचे हळूच त्याच्या जागेत पाय पसरतात. सहा महिन्यांपूर्वीच्या साच्यावर केलेली वस्तू आजच्या तोंडात बसेलच असं नाही. बाहेरच्या डॉक्टरांची कामंही तिच्याकडे यायची, आणि जुनं माप दिसलं की ती चिठ्ठी लावून परत पाठवायची. एका बड्या डॉक्टरांचं काम तिने तीनदा परत पाठवलं. ते फोनवर तणतणले, तेव्हा “दात तुमच्या पेशंटचे, पण काम माझ्या हातचं,” एवढं बोलून तिने फोन ठेवून दिला होता.

तिच्या कामांपैकी निम्मं काम झोपणाऱ्यांचं असायचं. झोपेत दात खाणाऱ्या लोकांसाठी ती पातळ, पारदर्शक गार्ड करायची. रात्री दातांवर चढवून झोपायचं, म्हणजे जे काही झिजायचं ते प्लास्टिक झिजेल. साचा हातात घेतला की तिला मालकाचं अर्धं आयुष्य कळायचं. “या बाईचं दोन महिन्यांपासून कुणाशी तरी बिनसलंय,” ती म्हणायची, आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. लोकांना बजावायची, “दिवसा कुणावर दातओठ खायचे ते खा, पण रात्री त्यांना झाकून ठेवा.”

आणि ही स्वतः? काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला विचारा. “लग्न झाल्यापासून माझ्या उशाशी कुणीतरी खडी दळतंय,” ते सांगायचे. मावशीच्या दाढांची टोकं गुळगुळीत झाली होती, सकाळी जबडा आखडायचा, थंड पाणी प्यायलं की कळ यायची. पण स्वतःसाठी गार्ड करायला तिला बावीस वर्षांत वेळ झाला नव्हता. “तुम्हाला स्वप्नं पडतात,” असं म्हणून ती विषय मिटवायची.

उरलेलं निम्मं काम खेळाडूंचं: मार बसला तरी दात वाचावेत म्हणून वरच्या दातांवर चढवायची जाड गार्ड. त्या कामात तिचा सगळा जीव एका मुलीत अडकलेला होता: धाकट्या बहिणीच्या मुलीत.

त्या मुलीला सगळे मुंगी म्हणत. अंगकाठी बारीक, वजन पिशवीभर शेंगांएवढं, पण एकदा डसली की विसरायचं नाही. तेराव्या वर्षी ती शाळेतून बॉक्सिंगचे ग्लोव्ह्ज घेऊनच घरी आली आणि तिच्या आईने, म्हणजे मावशीच्या धाकट्या बहिणीने, ते ग्लोव्ह्ज सरळ माळ्यावर टाकले.

धाकटीचं म्हणणं समजण्यासारखं होतं. नऊ वर्षांची असताना ती झोपाळ्यावरून तोंडावर पडली आणि समोरचे वरचे दोन्ही दात गेले. नवे दात लागेपर्यंत ती तोंडावर हात धरून हसायला शिकली होती. पुढे मावशीच्या हाताला कसब आलं तेव्हा मावशीने तिला दोन सुंदर दात करून दिले. दात आले, पण हात काही खाली आला नाही. लग्नाच्या फोटोतही धाकटीचा हात तोंडावर आहे.

“माझ्या पोरीचं असं मी होऊ देणार नाही,” ती म्हणाली.

मावशीने तेव्हा शब्द दिला. “तिच्या दातांची जबाबदारी माझी. एक जरी दात हलला तरी ग्लोव्ह्ज तू माळ्यावर टाक, मी शिडी धरीन.”

धाकटीने विचार केला आणि मान डोलावली. “एक जरी हलला तरी,” तिने पुन्हा म्हणून घेतलं.

मावशीने डॉक्टरांना मुंगीच्या वरच्या दातांचं माप घ्यायला लावलं, साचा ओतला आणि त्यावर गार्ड केलं. ते गार्ड मुंगीने दोन वर्षं वापरलं, आणि कडा चावून चावून त्याचं पार चिपाड केलं. तोवर ती पंधरा वर्षांची झाली होती, आणि वर्षातली सगळ्यात मोठी स्पर्धा तोंडावर आली होती. मुंगी परगावच्या शिबिरात होती, ती थेट स्पर्धेच्या आदल्या दिवशी परतणार. कोचबाईंचा फोन आला, “मावशी, नवीन गार्ड लागेल हं.”

“तयार ठेवते,” मावशी म्हणाली.

माप घ्यायला मुंगी जागेवर नव्हती. ती आल्यावर घेता आलं असतं, एका दिवसात काम झालंही असतं. पण मावशीने मान वर केली तर फळीवर मुंगीचा तेराव्या वर्षीचा साचा दिसला. किती निगुतीने केलेला साचा! मावशीने तो खाली काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि मनाशी म्हणाली, या पोरीचा जबडा मला तोंडपाठ आहे. बाहेरच्या कुणी असं केलं असतं तर तिने चिठ्ठी लावून परत पाठवलं असतं. पण ही घरची पोर होती, आणि घरच्या माणसाला आपण पुरते ओळखतो असं सगळ्यांनाच वाटतं.

गार्ड दिसायला फक्कड झालं. मुंगीने घालून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. “मावशी, मागे टोचतंय. पुढून उचलल्यासारखं होतंय.”

“नवं आहे. बसेल,” मावशी म्हणाली. “तोंड मिटून ठेव जरा.”

मुंगीच्या वजनगटात चौघीच होत्या, म्हणून शनिवारी दुपारी थेट उपांत्य सामना होता. धाकटी आणि मावशी शेजारी शेजारी बसल्या होत्या. पहिल्याच फेरीत मुंगीने श्वास घ्यायला तोंड उघडलं आणि गार्ड टपकन खाली पडलं. पंचांनी सामना थांबवला, कोचबाईंनी ते धुऊन पुन्हा बसवलं. दुसऱ्या फेरीत पुन्हा तेच. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. तिसऱ्यांदा पडलं तर ताकीद, आणि ताकीद म्हणजे हातचा गुण गेला. शेवटची फेरी मुंगी जबडा आवळून खेळली. गार्ड टिकलं, पण तोंडाने श्वास घेता येईना आणि तिची छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली. पाचपैकी तीन पंचांनी तिला कौल दिला. कशीबशी निभावली.

धाकटी उठून खाली गेली आणि मुलीचं तोंड उघडून पाहिलं. दात शाबूत होते, ओठ आतून फाटला होता. ती मावशीकडे वळली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, पण ती हळू बोलली.

“ताई, दोनदा तिच्या तोंडात काहीच नव्हतं. तेवढ्यात एक ठोसा बसला असता तर? मी तुझ्या शब्दावर पाठवली तिला. उद्या फायनलला हे असलं घालून मी तिला उतरू देणार नाही. उद्याच काय, पुन्हा कधीच नाही.”

मुंगीने गार्ड डबीत ठेवलं आणि डबी मावशीच्या हातात दिली. त्या डबीने मावशीला जेवढी लाज आणली तेवढी बहिणीच्या बोलण्यानेही आणली नाही.

“उद्या दुपारपर्यंत मला वेळ दे,” मावशी म्हणाली. “दुसरं करते. तू स्वतः तपास. तुला पटलं नाही तर शिडी मी धरते.”

रविवारी दवाखाना बंद असायचा. मावशीने सकाळीच डॉक्टरांना फोन केला आणि जे आजवर कधी केलं नव्हतं ते केलं, चूक कबूल केली. डॉक्टर घरच्या चपला घालूनच आले. नऊ वाजता मुंगी सामन्याआधीचं वजन देऊन कोचबाईंबरोबर पोहोचली. मागोमाग धाकटीही आली आणि हाताची घडी घालून दारात उभी राहिली.

डॉक्टरांनी जुना साचा हातात घेतला, बुडाची तारीख वाचली, मग मुंगीच्या तोंडात आरसा घालून पाहिलं. बोलले काहीच नाहीत. फक्त चष्म्यावरून भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं.

“कळलं हो,” मावशी म्हणाली. “बोला की. बावीस वर्षं वाट पाहिलीत.”

“मी कुठे काय बोललो?” डॉक्टर म्हणाले, आणि पोटभर हसून घेतलं.

कारण अगदी साधं होतं. तेराव्या वर्षी मुंगीच्या शेवटच्या दोन दाढा हिरडीतून नुकत्या डोकावत होत्या. आता त्या पुऱ्या वर आल्या होत्या. जुन्या साच्यावरचं गार्ड मागे त्या दाढांवर टेकायचं आणि पुढून उचललं जायचं. मुंगीने अगदी हेच सांगितलं होतं.

“पोरी,” मावशी म्हणाली, “तुझं तोंड तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं असं वाटलं मला. चुकलं माझं.”

“हं,” मुंगी म्हणाली. तिच्या तोंडात तोवर माप घ्यायच्या गुलाबी पिठाने भरलेला ट्रे गेला होता, त्यामुळे क्षमा थोडक्यात आटोपली.

माप छान आलं. आता प्लास्टर. घट्ट व्हायला एरवी तास जातो, आणि तेवढा वेळ घालवायची मावशीची तयारी नव्हती. तिने साचे घासायच्या चाकाखालची बादली ओढली. त्यात घासलेल्या प्लास्टरचं गढूळ पाणी साठलेलं असतं, पाहुण्यांसमोर लपवावं असं. त्या पाण्यात कालवलेलं प्लास्टर निम्म्या वेळात आवळतं. ही युक्ती तिने झाडू मारतानाच हेरली होती. बादलीच्या कडेला सांडलेलं प्लास्टर आधी का सुकतं, हे फरशी पुसणाऱ्या बाईलाच कळणार.

प्लास्टर ओतून ती हात पुसत होती, तेवढ्यात दारातून धाकटी म्हणाली, “ताई, तू रात्री गार्ड घालतेस का गं?”

“काय संबंध?” मावशी म्हणाली.

“बावीस वर्षं लोकांना सांगतेस. स्वतः घालत नाहीस. भावजी मला सगळं सांगतात. मग तुझ्या शब्दावर मी विश्वास कसा ठेवू?”

डॉक्टरांनी संधी साधली. “साचा वाळेपर्यंत आपल्याला दुसरं काम नाही. खुर्चीत बसा, मावशी.”

आणि मावशी बसली. हजारो मापं तिच्या हातांखालून गेली होती, पण स्वतःच्या तोंडात ते गार, गिळगिळीत पीठ पहिल्यांदाच जात होतं. तिचे डोळे पाणावले, घशाशी आलं, हात हवेत गेले. मुंगीने दोन्ही हात घट्ट धरले आणि मावशीच्याच सुरात म्हणाली, “नाकाने श्वास घ्यायचा. हलायचं नाही. नवं आहे, बसेल.” कोचबाई तोंड फिरवून हसल्या. दारातली धाकटीसुद्धा हसली, तोंडावर हात धरून.

प्लास्टर आवळताना साचा तापला, मग गार पडला. मावशीने तो पंख्यासमोर धरून खडखडीत वाळवला. जाड प्लास्टिकचा एकच तुकडा शिल्लक होता, भडक पोपटी रंगाचा. कुणी मागत नाही म्हणून उरलेला.

“पोपटी?” मुंगी किंचाळली.

“दातांना रंग दिसत नाही,” मावशी म्हणाली आणि यंत्र लावलं. तुकडा एकच, म्हणजे चूक करायची सोय नव्हती. प्लास्टिक तापून मधोमध झोळीसारखं लोंबायला लागलं. मावशी वाकून बघत राहिली. थोडं लवकर ओढलं तर दाढांमागे बसत नाही, थोडं उशिरा तर पातळ होऊन फाटतं. तिने घड्याळाकडे पाहिलंही नाही. नेमक्या क्षणी दांडा खाली दाबला आणि पोपटी प्लास्टिक साच्याला असं घट्ट बिलगलं की प्रत्येक दाताची धार वरून दिसू लागली. कडा कापल्या, घासल्या, बोट फिरवून गुळगुळीत केल्या. खालचे दात कुठे टेकतात तेही पाहून घेतलं.

मुंगीने गार्ड चढवलं. टक्क असा बारीक आवाज आला. मावशीने यावेळी तोंड मिटायला सांगितलं नाही. “मोठ्ठं उघड,” ती म्हणाली. “उड्या मार. खोक. आईला हाक मार.”

मुंगीने उड्या मारल्या, खोकली आणि छप्पर उडेल इतक्या मोठ्याने ओरडली, “आई!” गार्ड जागचं हललं नाही. धाकटी पुढे आली, पदर नाही की रुमाल नाही, सरळ दोन बोटं घालून गार्ड खाली ओढू लागली. ओढलं, हलवलं, पुन्हा ओढलं. मग बोटं पुसत म्हणाली, “चला, उशीर होईल.”

फायनल संध्याकाळी पाचला. निळ्या कोपऱ्यातली मुलगी मुंगीपेक्षा वीतभर उंच. तिने मुंगीचे पोपटी दात पाहिले आणि खुदकन हसली. ते हसू पहिल्या फेरीपुरतंच टिकलं. मुंगी आत घुसायची, दोन ठोसे द्यायची आणि तोंड उघडून मजेत श्वास घेत बाहेर यायची. मावशी ठोसे मोजतच नव्हती. तिची नजर त्या पोपटी पट्टीवर खिळली होती.

तिसऱ्या फेरीत व्हायचं ते झालं. उंच मुलीचा उजवा हात सरळ आला आणि मुंगीच्या तोंडावर थाडकन बसला. डोकं मागे गेलं. सगळं सभागृह ‘अगं’ म्हणालं. धाकटीची नखं मावशीच्या मनगटात रुतली. पंच वाकून बघू लागले.

मुंगी सरळ झाली आणि तिने दात दाखवले. सगळे पोपटी, सगळे जागेवर. मग ती पुढे गेली आणि उरलेलं दीड मिनिट त्या उंच मुलीला आपलं नाव मुंगी का पडलं ते समजावून सांगितलं.

पाचपैकी चार पंचांनी लाल कोपऱ्याला कौल दिला. पंचांनी मुंगीचा हात उंच केला तेव्हा मावशी बाकावर उभी राहून ओरडत होती. काका तिला खाली ओढत होते आणि स्वतःही ओरडत होते. पन्नाशी उलटलेल्या बाईने बाकावर चढू नये वगैरे म्हणणाऱ्यांनी आपलं तोंड दुसरीकडे करावं. बावीस वर्षं मागच्या खोलीत राबलेली बाई पहिल्यांदा आपलं काम उजेडात, शेकडो लोकांसमोर, मार खाऊन टिकताना बघत होती. तिला आनंदाने रडू फुटलं आणि तिने ते पुसलंही नाही.

पदक गळ्यात घालून मुंगी खाली आली. धाकटीने तिची हनुवटी धरली. “काढ ते. आ कर.” मुंगीने गार्ड काढलं. धाकटी बोट लावून दात मोजू लागली, वरचे, मग खालचे, कुणाचीही पर्वा न करता. रांगेतले लोक थांबले, कोचबाई थांबल्या, फोटो काढणारासुद्धा थांबला. प्रत्येक दात तिने हलवून पाहिला.

“सगळे आहेत,” ती म्हणाली. “एकही हलत नाही.”

आणि ती हसली. एका हाताने मुलीची हनुवटी धरलेली, दुसऱ्याने पदक. तोंडावर ठेवायला हातच मोकळा नव्हता, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही. मावशीने किती वर्षांनी बहिणीचं उघडं हसू पाहिलं. समोरचे ते दोन दात, तिने स्वतः केलेले, आजवर तिलाही नीट बघायला मिळाले नव्हते. छानच होते. फक्त शेजारच्या दातांपेक्षा किंचित पांढरे दिसू लागले होते.

“पुढच्या वेळी लाल कर हिचं,” धाकटी हसत हसतच म्हणाली. “पोपटी काय!”

पुढच्या वेळी. मुंगीने मावशीकडे पाहिलं, मावशीने मुंगीकडे.

“करते की,” मावशी म्हणाली. “पण दोघींनी यायचं. तुझंही नवीन माप घ्यायचंय.”